पंपाशिवाय पन्नास किलोमीटर!

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालतो. कागद-पेन्सिल घेऊन बसा.

एक शहर आहे. तिथं पाणी पुरत नाही. शहरापासून सरळ रेघेत मोजलं, तर साधारण वीस किलोमीटरवर एक छान झरा आहे. पण मध्ये डोंगर आडवे पडलेत. शिवाय वाटेत एक दरी आहे आणि दरीतून नदी वाहतेय. या झऱ्याचं पाणी शहरात आणायचंय. मात्र पंप वापरायचा नाही. वीज नाही, बुलडोझर नाही, सिमेंटच्या गोणी नाहीत. आहेत ती फक्त माणसं, जनावरं, दगड, चुना, लाकूड आणि डोकं! सांगा पाहू, कसं आणाल?

"त्यात काय मोठंसं? उतारानं आणू की!" असं तुमच्यापैकी कुणीतरी म्हणालंच असेल. शाब्बास! उत्तर अगदी बरोबर आहे. पाणी आपणहून उताराकडे धावतं, त्याला पंप कशाला हवा?

पण थांबा. खरी गंमत पुढंच आहे. डोंगरांना वळसे घालत न्यायचं, तर वाट वीस किलोमीटरची राहत नाही. ती होते सुमारे पन्नास किलोमीटर. आणि या पन्नास किलोमीटरांत पाण्याला उतार मिळतो अवघा साडेबारा मीटर. म्हणजे जेमतेम चार मजली इमारतीएवढा! आता करा भागाकार. एका किलोमीटरला किती आला? पंचवीस सेंटिमीटर. तुमच्या घरातली मोठी फूटपट्टी तीस सेंटिमीटरची असते. एक किलोमीटर चालत जायचं, आणि तेवढ्या वाटेत पाट उतरणार त्या फूटपट्टीपेक्षाही कमी. असा उतार नुसत्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाही.

हे कोडं काही मी मनानं रचलेलं नाही, बरं का! सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोकांनी ते खरोखर सोडवलं होतं.

नीम गावची गोष्ट

फ्रान्स देशाच्या दक्षिणेला नीम नावाचं शहर आहे. (आपल्या कडुनिंबाशी त्याचा काही संबंध नाही!) रोमन साम्राज्याच्या काळात त्याचं नाव होतं नेमाउसुस. गावात एक झरा होता, पण वस्ती वाढली, सार्वजनिक स्नानगृहं आली, कारंजी आली. मग एवढ्याशा झऱ्यानं कसं भागणार? तेव्हा उत्तरेकडच्या युझेस गावाजवळच्या झऱ्याचं पाणी आणायचं ठरलं. हे काम इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला झालं, असं तिथं उत्खननात सापडलेल्या वस्तूंवरून अभ्यासक सांगतात.

दूरवरचं पाणी शहरात आणणाऱ्या अशा बांधीव पाटाला इंग्रजीत ॲक्विडक्ट म्हणतात. लॅटिन भाषेत ॲक्वा म्हणजे पाणी आणि ड्यूकेरे म्हणजे नेणं. रोमनांनी पहिला असा पाट इसवी सनापूर्वी ३१२ मध्ये खुद्द रोम शहरासाठी बांधला. पुढच्या साडेपाचशे वर्षांत एकट्या रोममध्ये असे अकरा पाट झाले.

ॲक्विडक्ट म्हटलं, की चित्रांतल्या त्या उंचच उंच कमानी डोळ्यांसमोर येतात. पण खरी गोष्ट वेगळीच आहे. नीमच्या पन्नास किलोमीटरांपैकी सुमारे पस्तीस किलोमीटर पाट जमिनीखाली होता! रोमच्या मार्किया नावाच्या पाटाचंही तसंच. लांबी एक्क्याण्णव किलोमीटर, आणि त्यातला ऐंशी किलोमीटर भाग जमिनीच्या पोटात. म्हणजे ज्यांचे फोटो निघतात त्या कमानी थोड्या, आणि कुणाला न दिसणारा पाटच जास्त.

जमिनीखाली का बरं? झाकलेल्या पाटात पालापाचोळा पडत नाही, जनावरं तोंड घालत नाहीत, उन्हानं पाणी तापत नाही आणि शत्रूला तो सहज सापडतही नाही. आधी चर खणायचा, त्यात दगडी तळ आणि भिंती बांधायच्या, वरून कमानीचं छत घालायचं आणि माती लोटून द्यायची. आतून गिलावा चुन्याचा आणि भाजलेल्या विटा-कौलांच्या चुऱ्याचा. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत चुना-सुरखी वापरायचे ना, त्याच जातीचा. तो पाण्यात भिजला तरी विरघळत नाही. नीमचा पाट आतून एक मीटरहून थोडा जास्त रुंद आणि पुरुषभर उंच होता. एवढी जागा पाण्यासाठी तर होतीच, पण माणसाला आत उतरून साफसफाई करता यावी म्हणूनही होती. ही सफाईची गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी ती आपल्याला लागणार आहे.

उतार म्हणजे खाऊचे पैसे

समजा, जत्रेत जाताना आईनं तुम्हांला दहा रुपये दिले. पहिल्याच दुकानात आठ उडवले, तर पुढं काय करणार? उताराचंही अगदी असंच आहे. तो मोजकाच मिळालेला असतो, आणि शहराच्या वेशीपर्यंत पुरवायचा असतो. सुरुवातीला भराभर उतरलात, तर पाणी शहराच्या खालच्या अंगाला पोचेल आणि वरची घरं कोरडी राहतील. शिवाय उतार फार झाला, तर पाणी जोरात धावून भिंती खरवडतं. फार कमी झाला, तर पाणी रेंगाळतं आणि गाळ साचतो.

नीमच्या कारागिरांनी हा खर्च फार हुशारीनं केला. वाटेत गार्दों नदीची दरी होती आणि तिच्यावर पूल बांधणं भागच होतं. पूल जितका उंच, तितका कठीण आणि महाग. म्हणून त्यांनी पुलाच्या अलीकडे पाटाला जास्त उतार दिला, किलोमीटरमागे सुमारे सदुसष्ट सेंटिमीटर. त्यामुळं पाट नदीपाशी येईपर्यंत बराच खाली उतरला आणि पुलाची उंची वाचली. मग पुलाच्या पलीकडे मात्र काटकसर! तिथं सरासरी उतार किलोमीटरमागे वीस सेंटिमीटरांपेक्षाही कमी. म्हणजे आधी जरा सढळ हातानं खर्च, आणि नंतर पै-पैचा हिशेब. तुम्ही गणितात चक्रवाढ व्याजावर वैतागता ना? यांचा हिशेब चुकला असता तर आख्खं शहर तहानलं असतं.

वीस फुटी पाणसळ

एवढा बारीक उतार मोजला तरी कशानं? तुमच्या घराचं बांधकाम झालं असेल, तर गवंड्याच्या हातात तुम्ही पाणसळ आणि ओळंबा पाहिला असेल. पाणसळीनं आडवी पातळी कळते, ओळंब्यानं उभी रेघ. रोमनांचं हत्यारही या दोघांचं मिळूनच होतं. त्याचं नाव कोरोबेट्स. वीस फूट लांबीची लाकडी फळी, तिला दोन टोकांना पाय. पायांजवळ ओळंबे सोडलेले. ओळंब्याची दोरी पायावरच्या खुणेशी जुळली, की समजायचं फळी समपातळीत आहे. पण वारा सुटला आणि ओळंबे झुलायला लागले तर? त्याचीही सोय होती. फळीच्या वरच्या अंगाला एक खाच होती. तिच्यात पाणी भरायचं. पाणी दोन्ही टोकांना काठापासून सारख्याच अंतरावर आलं, की काम झालं! रोमन वास्तुतज्ज्ञ व्हिट्रुव्हिअस यानं आपल्या ग्रंथात या यंत्राचं वर्णन करून ठेवलंय. पाणी न्यायला पाण्याचीच मदत!

सोळा मजली पूल

आता गार्दों नदीवर येऊ. इथं रोमनांनी जो पूल बांधला, त्याला आज 'पाँ द्यु गार' म्हणतात. उंची जवळजवळ एकोणपन्नास मीटर, म्हणजे सोळा मजल्यांएवढी. एकावर एक कमानींच्या तीन रांगा. खालच्या रांगेत सहा कमानी, मधल्या रांगेत अकरा, आणि सगळ्यांत वर लहान लहान कमानींची रांग. पाणी वाहायचं ते अगदी वरून, म्हणजे तिसऱ्या रांगेच्या डोक्यावरून. आणि एवढ्या मोठ्या पुलाचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा उतार किती असेल? अडीच सेंटिमीटर! तुमच्या खोडरबराच्या लांबीएवढा!

पुलाचे दगड नदीकाठच्याच खाणीतले. काही दगडांचं वजन सहा टनांपर्यंत भरतं. खालच्या दोन रांगांमध्ये दगडांच्या सांध्यांत चुना नाही. दगड इतके नेमके घडवलेत, की ते एकमेकांच्या वजनावर उभे आहेत. कमानीची युक्ती हीच असते. पाचरीच्या आकाराचे दगड आधी लाकडी साच्यावर दोन्ही बाजूंनी रचत आणायचे. मधोमध शेवटचा दगड घट्ट बसवायचा, की साचा काढून घेतला तरी चालतो. वरून जितकं वजन येईल, तितके दगड एकमेकांना जास्तच दाबून धरतात. कोणता दगड कुठं बसवायचा याचा गोंधळ होऊ नये, म्हणून त्यांवर अक्षरं आणि आकडे कोरले होते. ते अजून दिसतात. भिंतीतून बाहेर आलेले दगडही दिसतात. परातीचा आधार म्हणून ते ठेवले होते आणि काम झाल्यावर तसेच राहिले.

काही चौकस मंडळी विचारतील, "पूल कशाला? नळी दरीत उतरवून पलीकडे वर चढवली असती, तर पाणी आपली पातळी आपण गाठतंच की!" प्रश्न फक्कड आहे! रोमनांना हे ठाऊक होतं. फ्रान्समधल्याच ल्यों शहराच्या पाटांवर त्यांनी शिशाच्या नळ्या घालून अशा दऱ्या ओलांडल्या होत्या. पण नळीतून दाबानं पाणी नेताना घर्षणात थोडी उंची वाया जाते. आणि नीमच्या पाटावर तर उंचीचीच चणचण होती. खिशात मोजकेच पैसे असताना अशी चैन परवडत नाही.

बोगदा चुकला!

सगळीकडेच काम असं बिनबोभाट होत नसे. आता आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर चला. आजच्या अल्जीरिया देशात बेजाया नावाचं बंदर आहे. रोमनांच्या काळात ते होतं साल्दाए. तिथंही पाणी आणायचं होतं, आणि वाटेत डोंगर होता. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात नोनियुस दातुस नावाच्या लष्करी मोजणीदारानं डोंगराची पाहणी केली, वरून खुंट्या ठोकून रेघ आखली, नकाशा तयार करून दिला आणि तो आपल्या छावणीत परत गेला. बोगदा दोन्ही टोकांनी एकदम खणायचा आणि मधोमध भेटायचं, असा बेत होता.

काही वर्षांनी त्याला निरोप आला, "ताबडतोब या!" बिचारा निघाला, तर वाटेत दरोडेखोरांनी गाठलं. अंगावरचे कपडेसुद्धा गेले, मार बसला, आणि तो आपल्या सोबत्यांसह कसाबसा निसटला. साल्दाएला पोचून पाहतो, तर काय! लोक रडताहेत आणि बोगदा सोडून द्यायची भाषा चाललीय. कारण दोन्ही बाजूंचं खोदकाम मिळून डोंगराच्या रुंदीपेक्षा जास्त झालं होतं, तरी बोगदे एकमेकांना भेटलेच नव्हते! दोन्ही टोळ्या आखलेली रेघ सोडून आपापल्या उजव्या हाताला सरकल्या होत्या.

दोघंही उजवीकडेच वळले तर ते भेटायला हवेत, असं वाटतं ना? मग आत्ताच एक मित्र समोर उभा करा. दोघांनी एकमेकांकडे तोंड करून चालायला लागा, आणि दोघंही थोडं थोडं उजवीकडे वळा. काय झालं? शेजारून निघून गेलात की नाही? समोरासमोर उभं राहिलं, की माझा उजवा हात म्हणजे तुमचा डावा!

नोनियुसनं डोकं शांत ठेवलं. पुन्हा मोजमाप केलं आणि कामगारांच्या दोन तुकड्यांत चुरस लावून दिली. बोगदा जुळला, पाणी खळाळत आलं. सव्वाचारशे मीटरहून लांब असा तो बोगदा. ही सगळी हकिगत त्यानं स्वतःच एका दगडावर कोरून घेतली. तो दगड सापडलाय, म्हणून तर ती आपल्याला कळली. दगडावर तीन चेहरे आहेत आणि त्यांच्याजवळ तीन लॅटिन शब्द कोरलेत. त्यांचा अर्थ : धीर, कर्तबगारी आणि आशा. इंजिनिअर व्हायचं असेल, तर हे तीन शब्द आजही उपयोगी पडतील, नाही का?

पाणीचोरांचा बंदोबस्त

पाट बांधून झाला म्हणजे संपलं, असं वाटतं तुम्हांला? तिथूनच तर दुसरं काम सुरू होतं.

इसवी सन ९७ मध्ये रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख म्हणून फ्रॉन्टिनुस यांची नेमणूक झाली. गृहस्थ आधी मोठे सेनापती आणि ब्रिटनचे राज्यपाल होते. पण हाताखालचे लोक सांगतील ते मुकाट्यानं ऐकायचं, हे त्यांना पटेना. त्यांनी प्रत्येक पाटाची माहिती गोळा केली, नकाशे करून घेतले आणि किती पाणी आत येतं, किती बाहेर जातं याचा हिशेब मांडला. तर हिशेब जुळेना! शोध घेतल्यावर कळलं, की लोक वाटेतच नळांना गुपचूप भोकं पाडून पाणी पळवताहेत, आणि पाणीखात्यातलेच काही कामगार त्यांना सामील आहेत. ठरलेल्या मापापेक्षा मोठ्या तोट्याही बसवलेल्या सापडल्या. फ्रॉन्टिनुस यांनी या चोऱ्या बंद पाडल्या आणि सगळा अनुभव एका पुस्तकात लिहून ठेवला. ते पुस्तक आजही वाचायला मिळतं.

त्यातूनच आपल्याला कळतं, की रोमच्या पाटांच्या देखभालीसाठी सातशे गुलाम राबत होते. कुणी गळती शोधायचे, कुणी फरशी बसवायचे, कुणी गिलावा करायचे. कमानींच्या दोन्ही बाजूंना पंधरा फूट जागा मोकळी ठेवायचा कायदा होता. झाडांची मुळं भिंतीत शिरली, तर भिंत फुटते म्हणून. एवढी मोठी बांधकामं उभी राहिली आणि टिकली, ती अशा अनाम माणसांच्या हातांवर. त्यांतल्या पुष्कळांना स्वतःचं स्वातंत्र्यही नव्हतं, हे विसरून चालणार नाही.

मग पाणी थांबलं कशानं?

पुन्हा नीमला येऊ. पाँ द्यु गारवरून आलेलं पाणी शहरात एका गोल दगडी हौदात पडायचं. तो हौद आजही तिथं आहे. त्याच्या भिंतीत दहा मोठी भोकं आहेत. तिथून शिशाच्या नळ्यांनी पाणी गावभर जायचं. अभ्यासकांचा अंदाज असा, की दिवसाला दोन ते चार कोटी लिटर पाणी येत असावं. झऱ्यापाशी निघालेल्या पाण्याला शहरात पोचायला एक दिवसाहून थोडा जास्त वेळ लागत असावा.

हा पाट भूकंपानं मोडला नाही की पुरानं वाहून गेला नाही. पाँ द्यु गार तर आजही ताठ उभा आहे. मग घात कुणी केला? चुन्यानं! झऱ्याच्या पाण्यात चुनखडीचा अंश होता. पाणी तापवायच्या भांड्यात तळाशी पांढरा थर जमलेला तुम्ही पाहिला असेल. तसाच थर पाटाच्या भिंतींवर चढत गेला. खरवडणारी माणसं होती तोवर ठीक चाललं. पण चौथ्या शतकापासून देखभालीकडे दुर्लक्ष होत गेलं. थर वाढता वाढता काही ठिकाणी हातभर जाड झाला. पाटाची वाट अरुंद होत गेली, आणि हळूहळू पाणी येईनासं झालं. सहा टनांचे दगड चढवणाऱ्यांना जे जड गेलं नाही, ते रोजच्या साफसफाईच्या आळसानं केलं!

पूल मात्र कामी येत राहिला. लोक त्याच्यावरून नदी ओलांडू लागले. सतराव्या शतकात तर तोफा नेता याव्यात म्हणून मधल्या रांगेचे खांब तासून टाकले गेले. पूल कोसळला नाही, हे नशीब! पुढं १७४३ ते १७४७ या काळात आँरी पितो या इंजिनिअरनं जुन्या पुलाला लागूनच रहदारीचा नवा पूल बांधला. विमानाचा वेग मोजणारी 'पितो नळी' याच पितोच्या नावानं ओळखली जाते. १९८५ मध्ये युनेस्कोनं पाँ द्यु गारचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

आणि याच्या अगदी उलट गोष्ट आहे रोमची. इसवी सनापूर्वी १९ मध्ये तिथं विर्गो नावाचा पाट बांधला गेला. तो जवळजवळ सगळाच जमिनीखाली. म्हणून चित्रांत तो दिसत नाही, आणि त्याला कमानींचा डौलही फारसा नाही. इसवी सन ५३७ मध्ये गॉथ लोकांनी रोमला वेढा घातला आणि शहराचे पाट तोडले. पुढं बरेचसे कायमचे आटले. विर्गोचीही परवड झाली, पण लोकांनी त्याला सोडलं नाही. मोडलं की दुरुस्त केलं, गाळ साचला की उपसला. पंधराव्या शतकात मोठी दुरुस्ती झाली. रोमचं प्रसिद्ध त्रेवी कारंजं याच पाण्यासाठी बांधलं, आणि ते १७६२ मध्ये पूर्ण झालं. आज जगभरचे प्रवासी त्या कारंज्यात नाणी टाकतात. त्यांतल्या कितीजणांना माहीत असेल, की या पाण्याची वाट दोन हजार वर्षांपूर्वी आखलेली आहे?

तर मित्रांनो, कोड्याचं उत्तर नुसतं 'उतार' एवढंच नव्हतं. उतार पाणी आणतो. पण ते येत राहतं, ते रोज कुणीतरी पाटात उतरून भिंत खरवडतं म्हणून. तुमच्या गावाला किंवा शहराला पाणी कुठून येतं, वाटेत किती उतरतं, किती चढतं, आणि त्या वाटेवर कोण कोण काम करतं? येत्या रविवारी आई-बाबांना विचारा. त्यांनाही ठाऊक नसेल, तर सगळे मिळून शोधून काढा!

करून पाहा

सुमारे पाच मीटर लांबीची पारदर्शक नळी घ्या. तिच्यात पाणी भरा. आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. दोन्ही टोकांना वीतभर जागा रिकामी ठेवा. आता एका मित्रानं व्हरांड्याच्या एका टोकाला आणि दुसऱ्यानं दुसऱ्या टोकाला नळीचं तोंड भिंतीजवळ उभं धरा. पाणी हलायचं थांबलं, की दोन्हीकडे पाण्याच्या पातळीशी खडूनं खूण करा. या दोन खुणा अगदी समपातळीत असतील. आता प्रत्येक खुणेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. दोन अंतरांत जो फरक येईल, तो तुमच्या व्हरांड्याचा उतार! मग हिशेब करा : याच उतारानं व्हरांडा पन्नास किलोमीटर लांब केला, तर तो किती मीटर खाली जाईल? आणि नीमच्या साडेबारा मीटरांशी ताडून पाहा.